वेशीबाहेरची दाद

२००१ साली डर्बनच्या जागतिक परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न मांडला, तेव्हा 'घरची लक्तरे वेशीवर टांगली' असा सूर आपल्याकडे उमटला. जात म्हणजे वंश नव्हे, हे भारत सरकारचे उत्तर. खैरलांजीनंतर पाचच महिन्यांनी, फेब्रुवारी २००७ मध्ये, जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढेही तेच उत्तर दिले गेले.

शब्दार्थापुरते ते आम्हांला मान्य आहे. परंतु १९६५ च्या वंशभेदविरोधी करारात वंशाबरोबरच 'जन्मकूळ' हाही भेदाचा आधार आहे, आणि तो भारताच्याच सूचनेवरून आला. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांचा प्रश्न आपणच संयुक्त राष्ट्रांत नेला. 'हा आमचा घरगुती मामला' हा तेथील सरकारचा बचाव आपण मानला नाही. तपासणारे देश स्वतः निर्मळ नसतात, हे खरे. पण आरसा कोणी धरला यावर चेहऱ्यावरचा डाग ठरत नाही.

आम्ही ओझरला मराठी शिकवतो. जवळच नाशकात १९३० मध्ये काळारामाच्या बंद दारापुढे सत्याग्रह सुरू झाला होता. ज्यांना गावाने पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवले, त्यांनी वेशीबाहेर दाद मागितली, तर दोष कोणाचा? तो वाक्प्रचार वर्गात शिकवताना हा प्रश्नही विचारायला हवा.