मनगटावरचा मुनीम

नाशकात डोंगरावर धावणाऱ्यांचा एक नवा पंथ निघाला आहे. पहाट फुटायच्या आत ही मंडळी पांडवलेणीच्या नाहीतर अंजनेरीच्या पायथ्याशी हजर! धावण्याविषयी माझी मुळीच तक्रार नाही. सुखवस्तू घरातला माणूस आपण होऊन घाम गाळतो, याचा कोणाही शाळामास्तराला आनंदच व्हावा. तक्रार आहे ती त्यांच्या मनगटावर बसलेल्या मुनिमाविषयी, म्हणजे त्या जीपीएसच्या घड्याळाविषयी. त्याला उपग्रह सापडल्यावाचून पाऊल उचलायचे नाही. पूर्वी प्रस्थानाचा मुहूर्त पंचांगात पाहत. आता तो आकाशातून उतरतो.

हे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर फिरतात, आणि त्यांतल्या निदान चारांचे संदेश मिळाले म्हणजे घड्याळाला आपला ठावठिकाणा कळतो. उघड्या माळावर ही विद्या छान चालते. पण कडा आडवा आला की निम्मे आकाश झाकले जाते, संदेश खडकावर आपटून येतो, आणि घड्याळ धावणाऱ्याला बिनदिक्कत दरीत नेऊन उभे करते. पुष्कळ घड्याळे उंची मोजतात ती हवेच्या दाबावरून. पावसाळी हवेत दाब उतरला, की झाडाखाली स्वस्थ बसलेला माणूसही त्यांच्या हिशेबी चढू लागतो! आणि अंतर? ते बहुधा सपाटीवरचे. हरिहरच्या उभ्या पायऱ्या छाती फुटेतो चढलात, तरी मुनिमाच्या वहीत तुम्ही जागचे हललेलेच नसता.

म्हणजे डोंगर जिथे खरोखर डोंगर होतो, नेमका तिथेच हा मुनीम चुकतो. चुकेना बापडा! माणसेही चुकतात. राग येतो तो याचा, की त्याच्या आकड्यापुढे माणूस स्वतःच्या फुप्फुसांची साक्ष मानीत नाही.

कोणी म्हणेल, ‘मास्तर, धुक्यात वाट हरवली तर हेच घड्याळ आल्या वाटेची रेघ दाखवून परत आणते.’ कबूल. श्रावणात ब्रह्मगिरीवर ढग उतरले म्हणजे ही मदत लहान नव्हे. कंदीलही उपयोगाचाच असतो. पण भर दुपारी तो डोळ्यांपुढे धरून कोणी चालत नाही.

मोठ्यांनी आपल्या पैशाने काय बांधावे, हा त्यांचा प्रश्न. पण हे वेड आता मुलांत उतरले आहे. मागे टेकडीवरच्या शर्यतीत आमच्या शाळेचा, पाड्यावरून येणारा एक मुलगा पहिला आला. दुसऱ्या आलेल्या शहरी मुलाभोवती ही गर्दी! त्याच्या मनगटावर अंतर, चढ, नाडीचे ठोके, सारे होते ना! पहिला आलेला पोर मला बाजूला घेऊन विचारतो, “सर, माझं कुठंच नोंदलं नाही. मग ते धरतील का?”

वाचकहो, हा प्रश्न त्या पोराच्या डोक्यात कोणी घातला? याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्यपदक घेतले आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. लहानपणी पाड्यावरच्या ज्या चढउतारांवर तिचे पाय घडले, त्यांचा हिशेब कोणत्या उपग्रहाने ठेवला होता?

या दिवाळीला तुमचे पोर असले घड्याळ मागेल. किंमत काही हजारांपासून थेट लाखाच्या घरात जाते. त्यापेक्षा चांगले बूट घेऊन द्या, आणि पैसे उरले तर आणखी एका पोरालाही. शाळांनीही शर्यतीपुरता नियमच करावा: घड्याळे दप्तरात. शेवटच्या रेषेवर एक मास्तर, त्याच्या हातात एक स्टॉपवॉच, आणि शेजारच्या फळ्यावर खडूने लिहिलेली सर्वांची नावे, पहिल्यापासून अगदी शेवटच्यापर्यंत.