सोमवारी शिवालयाला कुलूप!

आज सोमवार. देशातील लहानमोठ्या प्रत्येक शिवालयात पहाटेपासून अभिषेकाची संततधार चालू असेल. बेळगावच्या कपिलेश्वराच्या दारी बिल्वपत्रे घेऊन उभ्या राहिलेल्या माताभगिनींची रांग रस्त्यापर्यंत येऊन पोहोचली असेल. परंतु मुंबई बंदरातून तासाभराच्या जलप्रवासावर घारापुरीचे बेट आहे, आणि त्या बेटाच्या डोंगरपोटी चौदाशे वर्षांहून अधिक काळ सदाशिवाची ती अलौकिक त्रिमुखी मूर्ती ध्यानस्थ बसली आहे. त्या मूर्तीच्या दर्शनाला आज कोणी गेला, तर त्याला काय आढळेल? कुलूप! सोमवार हा तेथील साप्ताहिक सुटीचा दिवस आहे. जगातील श्रेष्ठ शिवालयांपैकी एक, आणि ते बंद ठेवावयाचे ते नेमके शिवाच्या वारी! यापरते मोठे विडंबन एखाद्या प्रहसनकारालाही सुचले नसते.

कोणी म्हणेल, पुरातत्त्व खात्याच्या नोकरांना एक दिवस विश्रांती नको काय? अवश्य हवी. तिच्याविषयी आमची तक्रार नाही. पण याच खात्याच्या ताब्यातील वेरूळची लेणी सोमवारी उघडी असतात आणि मंगळवारी मिटतात, तर अजिंठ्याची सोमवारी मिटतात. म्हणजे सुटीचा वार स्थळाप्रमाणे बदलता येतो, हे खात्याला ठाऊक आहे. वेरूळच्या कैलासनाथाला जी सवलत मिळते ती घारापुरीच्या सदाशिवाला का मिळू नये? या प्रश्नाचे उत्तर कठीण नाही. ती कोणी मागितलीच नाही! कोणी मागितली नाही, कारण त्या जागेला देऊळ समजून जाणारेच उरले नाहीत. सरकारच्या कपाळी दोष मारण्यापूर्वी आपल्याच कपाळावर हात मारून घेण्याची पाळी आहे ती येथे.

सीमाभागातील आपल्या घरोघरचा एखादा मुलगा, भाऊ वा जावई मुंबईस असतोच. उन्हाळ्याच्या सुटीत वा लग्नकार्याच्या निमित्ताने आपण मुंबईस जातो, आणि गेल्यावर देवदर्शन घेतल्यावाचून परतत नाही. सिद्धिविनायकाच्या रांगेत दोन दोन तास उभे राहतो, महालक्ष्मीची ओटी भरतो, आणि समाधानाने गाडीत बसतो. त्या श्रद्धेला आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु प्रभादेवीचे ते देऊळ १८०१ सालचे. आणि त्याच्या किती तरी शतके आधी ज्यांच्या गाभाऱ्यांत दिवा लागला, ती शिवालये त्याच महानगराच्या कुशीत आणि वेशीवर उभी आहेत. त्यांचा पत्ता मुंबईकर यजमानाला ठाऊक नसतो, आणि पाहुणा तो विचारीत नाही. गर्दी असेल तेथे देव, आणि गर्दी नसेल तेथे नुसता दगड, असा आमच्या भक्तीचा नवा सिद्धान्त झालेला दिसतो.

अंबरनाथचेच पाहा. मिरज-पुण्यावरून दादरकडे जाणारी आपली गाडी कर्जत सोडून कल्याणकडे धावू लागली की अंबरनाथचे स्टेशन लागते. त्या वेळी आपण वळकट्या बांधण्यात आणि पिशव्या मोजण्यात गढलेले असतो. त्या स्टेशनापासून जेमतेम कोसभराच्या आत शिलाहार राजांचे ते काळ्या पाषाणाचे शिवालय उभे आहे. उत्तरेकडील दाराच्या माथ्यावरील शिलालेखात मांबवाणी ऊर्फ मुम्मुणी राजाचे नाव आहे. डॉ. भाऊ दाजींनी त्यातील शक प्रथम ७८२ असा वाचला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा ठरविला. ज्ञानेश्वर महाराजांच्या जन्माच्याही दोनशे वर्षे आधीची ही वास्तू. भूमिज शैलीची अशी मंदिरे महाराष्ट्रात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी जुनी आहेत, आणि त्यांत हिचे स्थान अग्रगण्य आहे. मंडपातून गाभाऱ्यात जावयाचे तर वीसएक पायऱ्या खाली उतरावे लागते, आणि खाली उतरून वर पाहावे तर शिखराच्या जागी उघडे आकाश! बाहेरच्या भिंतींवर देवदेवतांची इतकी दाटी की हातभर जागा मोकळी सापडू नये.

१८६८ साली परक्या इंग्रज सरकारला या वास्तूची किंमत कळली. त्याने मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी तेथे पाठवून शिल्पांचे आराखडे काढविले आणि साचे घेवविले. आज दीडशे वर्षांनंतर, स्वराज्यात, त्या मंदिराच्या पायाशी वाहणाऱ्या वालधुनी नदीची काय अवस्था आहे? कारखान्यांचे रासायनिक सांडपाणी आणि नगरांची घाण पोटात घेऊन ती काळी पडली आहे. ज्या प्रवाहाच्या काठी शिल्पकाराने देव बसविला, त्या प्रवाहाकडे नाक दाबून पाहावे लागते. महाशिवरात्रीला तेथे लाखांची यात्रा भरते. पण दुसरे दिवशी त्या लाखांपैकी किती जण नदीचे गाऱ्हाणे घेऊन नगरपालिकेच्या दारी जातात?

इतके सांगितले की एक ठरलेले उत्तर येते. ‘हे सारे परकीयांनी केले!’ त्यात सत्याचा अंश मोठा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. १५३४ साली वसईबरोबर हा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती गेला. घारापुरीच्या लेण्यातील शिलालेखाचा दगड त्यांनी काढून आपल्या राजाकडे धाडला, आणि तो पुढे कायमचा नाहीसा झाला; म्हणून हे अद्भुत लेणे कोणी खोदविले, याचा लेखी पुरावा आज आपल्यापाशी नाही. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या शैव लेण्याचे त्यांनी प्रार्थनामंदिर केले आणि त्याच्या माथ्यावर मठ बांधला. त्या मठाचे भग्नावशेष आजही उभे आहेत. पुढे इंग्रजांच्या अमदानीत, १८६४ साली, ज्या दगडी हत्तीवरून घारापुरीला ‘एलिफंटा’ हे नाव पडले तो हत्तीच विलायतेस नेण्याची खटपट झाली. उचलताना तो भंगला, म्हणून येथे राहिला. आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा आहे.

हे सर्व खरे. परंतु चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई आणि साष्टी जिंकली, आणि १९४७ साली इंग्रजही गेले. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांचा हिशेब कोणाच्या नावावर मांडावयाचा? जोगेश्वरीच्या लेण्याला पोर्तुगीज आज वेढा घालून बसलेले नाहीत. सहाव्या शतकातील ते प्रचंड शैव लेणे, अडीचशे फुटांहून अधिक लांबीचे, आज चहूंबाजूंनी वस्तीने गिळले आहे; त्याच्या माथ्यावर घरे आहेत आणि भिंतींतून पाणी पाझरते आहे. शिल्पांचे चेहरे त्या ओलीने पीठ होऊन गळत आहेत. घारापुरीला १९८७ साली जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला. पण त्या बेटावरील गावकऱ्यांच्या घरी कायमची वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये! समोर मुंबईच्या दिव्यांची आरास आणि बेटावर अंधार, असे एकतीस वर्षे चालले. ज्यांना आपण शेजारी दिवा दिला नाही, त्यांनी आपल्यासाठी वारशाची राखण करावी, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?

आणि हे तर नुकतेच घडलेले. वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव हे शिलाहारकालीन तीर्थ. २०२४ च्या जून महिन्यात त्यातील गाळ काढण्यासाठी ठेकेदाराने मातीउपशाचे अवजड यंत्र थेट दगडी पायऱ्यांवरून खाली उतरविले, आणि पायऱ्यांची नासधूस झाली. पुढे बोभाटा झाला, गुन्हाही नोंदला गेला. पण ध्यानात घ्यावयाचे ते हे, की ही मोडतोड जीर्णोद्धाराच्या नावाने झाली. मूर्तिभंजकाच्या हातोड्याला निदान हेतू तरी होता. आमच्या यंत्राला तोही नव्हता!

आमच्या या लिहिण्यावर दोन आक्षेप येतील, त्यांचाही विचार करू.

पहिला आक्षेप धार्मिकांचा. ‘खंडित मूर्तीची पूजा शास्त्राला मान्य नाही, मग तेथे जाऊन काय करावयाचे?’ पूजेचा निषेध म्हणजे पाहण्याचा निषेध नव्हे. घरातील वृद्धाचा हात मोडला म्हणून आपण त्याला भेटावयाचे सोडतो काय? शिवाय अंबरनाथच्या लिंगाची पूजा आजही अखंड चालू आहे. जोगेश्वरीच्या लेण्यात देवीपुढे आजही दिवा लागतो. तेव्हा शास्त्राची ढाल करून आपल्या आळसाला झाकण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप स्वतःला व्यवहारी म्हणविणाऱ्यांचा. ‘माणसांना राहावयास जागा नाही, आणि तुम्ही दगडांची काळजी वाहता!’ जोगेश्वरीच्या लेण्याभोवती झोपडी बांधून राहणारा गरीब हा आमचा शत्रू नव्हे. पोटासाठी आलेल्या माणसाने मिळेल तेथे आसरा घेतला. त्याला पर्यायी घर देणे ज्यांचे काम होते, त्यांनी ते केले नाही. १९५८ चा कायदा आहे. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत नियमन, अशी त्यातील २०१० ची दुरुस्ती आहे. निळा फलक आहे, फलकावर दंडाची धमकी आहे. नाही ती एकच गोष्ट: त्या कायद्याची अंमलबजावणी मागणारा समाज.

समाज मागणी करतो तेव्हा काय घडते, याचे उदाहरण परळला आहे. १९३१ साली रस्त्याचे काम चालू असता तेथे एक प्रचंड पाषाणपट सापडला. एकाच शिळेत शिवाची सात रूपे, एकातून दुसरे उमलावे तशी, कोरलेली. उंची दोन पुरुषांची. तो उचलून वस्तुसंग्रहालयात नेणे सहज शक्य होते. पण परळच्या रहिवाशांनी आपल्या देवावर हक्क सांगितला, आणि मूर्ती जेथली तेथे, बारादेवीच्या देवळात, राहिली. संग्रहालयाला साच्यावर समाधान मानावे लागले. ही परळची माणसे काही पुराणवस्तूंची पंडित नव्हती. साध्या श्रद्धेच्या बळावर त्यांनी ती शिळा आपल्या वस्तीत राखली. भक्ती आणि संरक्षण यांचे वैर नाही, हे त्यांनी पंडितांना दाखवून दिले.

मात्र त्याच श्रद्धेला डोळे नसतील तर ती घातही करते. हजार वर्षांच्या शिल्पावर तैलरंगाचे थर चढविणारे, घडीव पाषाणावर गुळगुळीत फरशा बसविणारे, नंदीच्या अंगावर आपल्या देणगीची पाटी ठोकणारे विश्वस्त आपल्याही गावात कमी नाहीत. कोरीव दगडाला रंग देणे म्हणजे जुन्या पोथीवर शाई ओतणे होय. उपेक्षेने देऊळ शंभर वर्षांत पडते. अडाणी उत्साहाने ते एका हंगामात नाहीसे होते.

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. पुरातत्त्व खात्याने घारापुरीचा सुटीचा वार बदलावा; त्यासाठी नवा खर्च लागत नाही, केवळ एक आदेश लागतो. जोगेश्वरीच्या माथ्यावरील कुटुंबांना आधी घर आणि मग हलविण्याची नोटीस, या क्रमाने तेथील प्रश्न सोडवावा. वालधुनीत विष सोडणाऱ्यांवर खटले भरावेत, आणि जुन्या तीर्थाच्या कामाचा ठेका देताना दगडकामाची जाण असलेला माणूस देखरेखीस असल्यावाचून कुदळ उचलू देऊ नये.

या मागण्या सरकारकडे. वाचकांकडे आमची मागणी याहून लहान आहे, पण तिच्यावाचून वरची एकही पुरी होणार नाही. पुढील खेपेस मुंबईस जाल तेव्हा एक दिवस राखून ठेवा. अंबरनाथला उतरा, मुलांना त्या वीस पायऱ्या उतरवून उघड्या आकाशाखालचा देव दाखवा. भिंतीवरील शिल्पांभोवती सावकाश प्रदक्षिणा घाला. नारळाची शेंडी आणि प्लास्टिकची पिशवी तेथे टाकू नका. जे मोडलेले, गळणारे, रंग फासलेले दिसेल त्याविषयी चार ओळींचे पत्र खात्याला आणि नगरपालिकेला लिहा. एका पत्राची टोपली होते, हे आम्हांस ठाऊक आहे. हजार पत्रांची होत नाही.

देवळाला पहारेकरी सरकार नेमील. परंतु साक्षीदार आपणच असावे लागते. ज्या वास्तूकडे कोणी पाहत नाही, ती पडली तरी पडल्याचा आवाज कोणाच्या कानी जात नाही. घारापुरीच्या दारावरील सोमवारचे कुलूप सरकारने लावले खरे; त्याची किल्ली मात्र आपल्या औदासीन्याच्या खिशात आहे. ती आता बाहेर काढा!