दुसरा दोर कशाला?

उंच इमारतींना रंग लावणारे कामगार आपण सारेच पाहतो. गच्चीच्या कठड्यावरून सोडलेला दोर, त्याला बांधलेली फळी आणि फळीवर बसलेला माणूस. दोर तुटला तर काय, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते, "तो सरावलेला आहे." हे उत्तर मला मुळीच पटत नाही. सराव हाताला होतो. कठड्याच्या धारेवर घासणाऱ्या दोराला होत नाही.

थोडे गणित करू. ७० किलोग्रॅम वजनाचा कामगार २ मीटर पडला, की सुमारे १,३७२ ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. त्यापुढच्या १० सेंटिमीटरांत दोराने त्याला थांबवले, तर दोरावरील सरासरी ओढ त्याच्या वजनाच्या २१ पट होते. १ मीटरात थांबवले, तर केवळ ३ पट. (करून पाहा : एकूण पडण्याचे अंतर भागिले थांबण्याचे अंतर.) म्हणजे दोर नुसता मजबूत असून भागत नाही. कमरेला दोर गुंडाळून त्याला 'सुरक्षा' म्हणणाऱ्यांनी हा भागाकार अवश्य करावा. दोर टिकेलही, कण्याचे काय?

दोरावरून काम करण्याची आजची पद्धत गुहा धुंडाळणाऱ्यांच्या व गिर्यारोहकांच्या तंत्रातून आली. तिच्यात दोर दोन, आणि दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेले. एकावर कामगार लोंबकळतो. दुसरा एरवी मोकळाच. त्यावरची पकड माणसाबरोबर सरकते व झटका बसताच दोर आवळते. हे दोर फारसे ताणले जात नाहीत, म्हणून पकड शक्यतो वरच्या बाजूस ठेवून पडण्याचे अंतरच कमी करतात. ऑगस्ट २०११ च्या भूकंपानंतर वॉशिंग्टन स्मारकाची, त्या १६९ मीटर उंच दगडी स्तंभाची, बाहेरून तपासणी तज्ज्ञांनी दोरांवर उतरूनच केली. परांची बांधली ती नंतर, दुरुस्तीसाठी. युरोपीय संघाने तर २००१ च्या निर्देशातच दोन दोरांचा नियम घातला. एका दोराची मुभा अपवादापुरतीच.

दुसरा दोर महाग पडतो, असे म्हणतात. पडतोच. दोर, पट्टा, शिक्षण, शिवाय अडकलेल्याला खाली आणू शकेल असा साथीदार, हे सारे रंगाच्या खर्चात धरावे लागते. पण भिंत ज्यांची, खर्चही त्यांचाच. आज तो फळीवरचा माणूस जिवाच्या जोखमीने भरतो. तुमच्या इमारतीला रंग देण्याचे ठरेल, तेव्हा कंत्राटदाराला दर विचारण्याआधी दोर किती आणि ते कशाला बांधणार, हे विचारायला घरच्यांना सांगा. 'टाकीच्या नळाला' असे उत्तर आले, तर त्या माणसाला गच्चीवर चढूच देऊ नये.