चंद्र बघायला वेळ लागतो

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. गोडीत भांडू, पण भांडायचं आहे.

कोजागरी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या व्हॉट्सॅपवर फोटोंचा पाऊस पडतो. सोसायटीचा ग्रुप, माहेरचा ग्रुप, जुन्या शिक्षकांचा ग्रुप. मसाला दुधाचं पातेलं, हाउजीत जिंकलेल्या बायका, अंताक्षरीचे दोन गट, गच्चीवर लावलेल्या दिव्यांच्या माळा. सगळे हसतमुख आणि छान दिसतात. मी एकेक फोटो मोठा करून बघते. चंद्र कुठेच नसतो! लग्नाच्या अल्बममध्ये नवरदेव सापडू नये, तसं वाटतं.

कोणाच्या आनंदावर पाणी टाकायचं नाही मला. वर्षातून एकदा शेजारीपाजारी एकत्र येतात, तेही काही कमी नाही. पण मग त्याला स्नेहसंमेलन म्हणावं. 'को जागर्ति', कोण जागं आहे, असं विचारत लक्ष्मी फिरते म्हणतात. ती आमच्या गच्चीवर आलीच, तर माइकवर चाललेल्या गाण्यांत तिचा प्रश्न कोणाला ऐकू जायचा?

मी तीसेक वर्षं मराठी शिकवलं. 'चांदण्या रात्रीची सहल' या विषयावरचे निबंध किती तपासले त्याची गणती नाही. 'चंद्राचा शीतल प्रकाश सर्वत्र पसरला होता' हे वाक्य चाळीसपैकी पस्तीस वह्यांमध्ये असायचं, कारण ते गाइडमध्ये होतं. मी मुलांना विचारायचे, "अरे, पौर्णिमेचा चंद्र उगवतो तेव्हा सूर्य कुठे असतो?" वर्ग गप्प. पौर्णिमेला सूर्य मावळायच्या सुमारालाच चंद्र समोरून, पूर्वेकडून वर येतो, हे भूगोलात पाठ असायचं. डोळ्यांनी पाहिलेलं फार थोड्यांनी असायचं.

तर सांगायचं असं की आम्ही सहा-सात निवृत्त शिक्षिका गेली काही वर्षं कोजागरीच्या संध्याकाळी सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जमतो. पुण्यात बहुतेक जण त्याला जपानी बागच म्हणतात. आमचा हा काही कार्यक्रम नाही, संस्था नाही, अध्यक्ष नाहीत. तिकीट काढायचं, आत जायचं आणि सूर्य मावळायच्या आधी पाण्याजवळचा बाक धरायचा. बंद व्हायची वेळ झाली की रखवालदार सांगायला येतात, आम्ही उठतो. दूध घरी जाऊन.

परगावच्या नातेवाइकांसाठी थोडं सांगते. सुमारे दहा एकरांची ही बाग २००६ साली सुरू झाली. जपानमधल्या ओकायामा शहराशी पुण्याची मैत्री आहे, आणि तिथल्या 'कोराकुएन' या बागेच्या धर्तीवर ही रचलेली आहे. नागमोडी वाहणारं पाणी, छोटे पूल, रंगीत मासे, हिरवळीचे उंचसखल गालिचे. मूळची बाग इकेदा त्सुनामासा नावाच्या सरदारानं १६८७ मध्ये करायला घेतली आणि १७०० मध्ये ती पुरी झाली. म्हणजे तिकडे तळी खोदणं चाललं होतं तेव्हा इकडे महाराष्ट्र औरंगजेबाशी झुंजत होता. १८८४ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. १९३४ चा पूर आणि १९४५ चा बॉम्बहल्ला, दोन्हींनी तिची नासधूस केली. पण पूर्वीची चित्रं जपून ठेवलेली होती, ती समोर ठेवून त्यांनी बाग पुन्हा जशीच्या तशी उभी केली.

'कोराकुएन' या नावाचा अर्थ मला फार आवडतो. 'नंतर आनंद घेण्याची बाग'. आधी लोकांची चिंता वाहायची आणि मग, सगळ्यांच्या नंतर, स्वतःचा आनंद, असा एक जुना चिनी विचार त्यामागे आहे. आयुष्यभर डबे भरून, वह्या तपासून, सासू-सासऱ्यांची दुखणी काढून सत्तरीला पोचलेल्या बायकांसाठी यापेक्षा योग्य नाव कुठलं असणार! आणि पुण्यानं तिच्या बहिणीला नाव दिलं ते पुलंचं. 'पूर्वरंग'मध्ये पुलंनी जपान मराठी घरात आणला, तेव्हा हेही नातं जुळलंच.

जपानी बागेत एक युक्ती असते. बागेबाहेरचा डोंगर किंवा वाडा बागेचाच भाग वाटावा अशी झाडं आणि मोकळी जागा ठेवतात. त्याला ते 'उसना घेतलेला देखावा' म्हणतात. कोराकुएननं ओकायामाचा काळा किल्ला उसना घेतला आहे. आपल्या बागेनं पर्वती घेतली आहे. त्यामुळे पंचांगात चंद्रोदयाची वेळ काहीही असो, डोंगर आणि इमारती ओलांडून आमच्या बाकापर्यंत यायला चंद्राला जास्तच वेळ लागतो. तो वेळ हाच आमचा कार्यक्रम!

पहिली दहा मिनिटं गुडघे, नातवंडं आणि भाज्यांचे भाव. मग बोलणं आपोआप विरळ होतं. पाणी आधी करडं, मग काळं होतं. उजेडातून अंधारात आल्यावर डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, हे डॉक्टरांनाच काय, रात्री शेताला पाणी द्यायला जाणाऱ्या कोणालाही माहीत असतं. एकदा सरावले की पाण्यातला मासा हलला तरी कळतं. आणि मध्येच एकीनं मोबाइल उघडला की संपलं, पुन्हा पहिल्यापासून मोजणी. म्हणून आमच्यात नियम एकच, मोबाइल पर्समध्ये. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पौर्णिमेच्या चांदण्याच्या कितीतरी पट असतो. शेजारी हॅलोजन लावून चांदणं शोधणं म्हणजे बँडच्या शेजारी बसून सतार ऐकणं.

आता जपान्यांकडे वळते. त्यांच्याकडे चंद्र बघायचा सणच आहे. 'त्सुकिमी' म्हणजे नुसतं 'चंद्र पाहणं'. जुन्या चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्यातली पंधरावी रात्र ती त्यांची मोठी रात्र. तांदळाच्या पिठाचे पांढरे गोळे रचून ठेवतात, गवताचे तुरे मांडतात आणि नवे कंद ठेवतात. कंद म्हणजे आपल्या अळकुड्यांचेच भाऊबंद. त्या रात्रीच्या चंद्राला तर 'कंदांचा चंद्र' असंही म्हणतात. आपल्याकडे कोजागरीच्याच पौर्णिमेला नवान्न असतं, नव्या भाताचं कौतुक असतं. पावसाळा सरला, आकाश धुतलं गेलं, शेतात काहीतरी हाताशी आलं, मग माणूस वर बघतो. तिकडेही तेच, इकडेही तेच. शरदात आपल्याकडे पाण्याकाठी काशाचे पांढरे तुरे डोलतात, ते बघून त्यांच्या तुऱ्यांची मला कधीच नवलाई वाटली नाही.

त्यांची ही रात्र बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपदी पौर्णिमेला पडते, म्हणजे कोजागरीच्या महिनाभर आधी. २०२४ मध्ये ती १७ सप्टेंबरला होती आणि आपली कोजागरी १६ ऑक्टोबरला. पण अधिक महिने त्यांचे वेगळे, आपले वेगळे, त्यामुळे कधीकधी गाठ पडते. २०२५ मध्ये दोन्ही एकाच दिवशी आल्या, ६ ऑक्टोबरला! एकच चंद्र, एकच तिथी. तिकडे काही तास आधी उगवला, एवढाच फरक.

मला सगळ्यात भावली ती त्यांची पुढच्या रात्रींची नावं. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी पाऊणएक तास उशिरा उगवत जातो. सोळाव्या रात्रीचा तो 'घुटमळणारा चंद्र'. सतराव्या रात्रीचा 'उभ्यानं वाट पाहण्याचा'. अठराव्याचा 'बसून वाट पाहण्याचा' आणि एकोणिसाव्याचा 'आडवं पडून वाट पाहण्याचा'. आता जरा बोटांवर मोजा. एकोणिसावी रात्र म्हणजे वद्य चतुर्थी. म्हणजे आपली संकष्टी! ज्या चंद्राची जपानी माणूस आडवा पडून वाट बघतो, त्याच चंद्राची आपल्याकडची बाई दिवसभर उपाशी राहून, मोदक झाकून, दहा वेळा गॅलरीत जाऊन वाट बघते. कालनिर्णय उघडून चंद्रोदयाची वेळ मिनिटापर्यंत शोधणारे आपण, चंद्राची वाट पाहणं विसरलो असं कोण म्हणेल? सवय आहे. फक्त संकष्टीला आपण त्याच्याकडे भूक लागली म्हणून बघतो, आणि कोजागरीला तेवढंही नाही.

आणि ससा! चंद्रावरच्या डागात त्यांनाही ससा दिसतो, मोची कुटणारा. आपल्याला तो दिसतो म्हणून तर चंद्र 'शशांक' झाला. भुकेल्या पाहुण्याला द्यायला काही नाही म्हणून स्वतःच विस्तवात उडी घेणारा ससा आणि त्याचं चित्र चंद्रावर काढणारा शक्र, ही आपल्या जातककथांतली गोष्ट. बौद्ध धर्माबरोबर ती चीनमार्गे तिकडे गेली आणि त्यांच्या जुन्या कथासंग्रहात जाऊन बसली. जपानी बागेत बसून चंद्र बघणं म्हणजे परक्याकडून काही शिकणं, असं मला वाटत नाही ते यामुळेच. आपलीच गोष्ट माहेरपणाला आली आहे.

म्हणून एक भीतीही वाटते. उद्या कोणीतरी पुण्यात 'त्सुकिमी नाइट' काढील, पाकिटातले गोळे विकील, प्रवेशिका लावील आणि तिथेही माइक असेल. तसलं काही नको. बघण्याचं सामान आणू नका, बघणं तेवढं आणा.

यावर मला काय ऐकावं लागतं तेही सांगते. सून म्हणते, "आई, अंधार म्हणजे बायकांना धास्ती, म्हाताऱ्यांना ठेच." अगदी खरं आहे. जिन्यातला दिवा, वाटेवरचा दिवा विझवा असं मी मुळीच म्हणत नाही. नात म्हणते, "आजी, नुसतं बसून बोअर होतं." तेही खरं. पण बाळा, वीस मिनिटं बोअर झाल्याशिवाय डोळे उघडतच नाहीत, त्याला मी काय करू?

हा माझा म्हातारपणचा हट्ट नाही, हे पटावं म्हणून आमच्यातल्या एकीबद्दल सांगते. ती मला दोन वर्षांनी मोठी. जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहते. लिफ्ट नाही, गच्चीवरची कोजागरी तिच्यासाठी कधीच संपली. काचबिंदूनं तिची कडेची नजर गेली आहे. गेलेली परत येत नाही, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं आहे. राहिलेली टिकवायला रोज थेंब घालायचे. मधोमध एवढंसं दिसतं. झगझगीत दिव्यांसमोर तेही पांढरं होऊन जातं. काठी टेकत, माझा दंड धरून ती बाकापर्यंत येते. तिला चंद्र शोधता येत नाही, आम्ही तिची हनुवटी धरून तोंड त्या दिशेला वळवतो. मग ती म्हणते, "हं, सापडला." आणि गप्प बसते. एकदा म्हणाली, "बाकी कुणाचं तोंडसुद्धा एका वेळी पुरतं दिसत नाही गं. हा एवढा बरोबर मावतो."

पुढच्या कोजागरीला तो तिला मावेल की नाही, कोणी सांगावं? आपल्यातल्या प्रत्येकीच्या अशा मोजक्याच पौर्णिमा उरल्या आहेत. आणि ज्यांच्या पुष्कळ उरल्या आहेत, त्यांनी एकही नीट पाहिलेली नाही. दोन्हींचं मला सारखंच वाईट वाटतं.

तेव्हा मागणं अगदी लहान आहे. सोसायटीवाल्यांनी कोजागरीला फक्त अर्धा तास गच्चीवरच्या माळा आणि माइक बंद ठेवावा. हाउजी आधी, अंताक्षरी नंतर. मधला अर्धा तास चंद्राचा. ज्यांना गच्ची चढवत नाही त्यांच्यासाठी खाली अंगणात चार खुर्च्या मांडाव्यात आणि एखाद्या तरुणानं त्यांच्याशेजारी बसावं. शाळांनी चांदण्या रात्रीचा निबंध द्यायच्या आधी मुलांना एक रात्र द्यावी. आणि उद्यानांत, जिथे वाट सुरक्षित आहे, माणसं राखणीला आहेत, तिथे त्या संध्याकाळी हिरवळीवरचे दिवे तेवढे मंद करता आले तर बघावं. याला खर्च नाही. उलट थोडी वीज वाचेल!

तोवर तुम्हाला गृहपाठ. (शिक्षिका आहे, सवय जात नाही.) येत्या पौर्णिमेला सूर्य मावळताना पूर्वेला तोंड करून उभे राहा आणि चंद्र तुमच्या घरून नक्की कुठल्या दोन इमारतींच्या मधून वर येतो, ते बघून मला कळवा. पुणे, डोंबिवली, न्यू जर्सी, कुठूनही चालेल. वही तपासायला मी बसलेच आहे.