जखमीच्या दारी गेलेला शल्यवैद्य

युद्धाचा विचार आपल्याकडे शस्त्राइतकाच शल्यवैद्याचाही झालेला आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 'युक्तसेनीय' नावाचा एक स्वतंत्र अध्यायच आहे. वैद्याने छावणीत राजनिवासालगत सर्व उपकरणांनिशी सज्ज असावे, विषाने, बाणाने वा रोगाने पीडलेल्यांना त्याच्यापर्यंत विनासायास पोहोचता यावे, असे तेथे सांगितले आहे. कौटिल्यानेही सैन्याच्या पिछाडीस शस्त्रे, औषधे, तेले आणि पट्ट्या घेतलेले वैद्य उभे केले आहेत. घायाळ आणि वैद्य यांच्यातील अंतर जितके कमी, तितके प्राण वाचण्याची आशा अधिक, हे मर्म आपल्या पूर्वजांनी नेमके ओळखले होते. विसाव्या शतकात हेच मर्म एका मराठी तरुणाने परक्या भूमीवर, परक्या सैन्यात प्राणपणाने आचरून दाखविले. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे त्याचे नाव.

९ डिसेंबर हा त्यांचा स्मृतिदिन. त्या दिवशी सोलापुरात हार वाहिले जातात, एखाद-दुसऱ्या वृत्तपत्रात छायाचित्र छापून येते आणि वर्षभरासाठी विषय मिटतो. चिनी राज्यकर्ते भारतभेटीस आले की मात्र कोटणीसांचे नाव आवर्जून उच्चारले जाते. म्हणजे ज्याची आठवण आपण आपल्या गरजेपोटी ठेवायची, ती दुसऱ्याच्या राजनीतीच्या सोयीने जागी होते. हा प्रकार आत्मसन्मान असलेल्या समाजाला शोभणारा नाही.

डॉ. कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरातील एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. चारचौघांप्रमाणे दवाखाना थाटून स्थिरस्थावर होण्याचा मार्ग त्यांच्यासमोर मोकळा होता. परंतु १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले आणि चिनी सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची याचना केली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ च्या जूनअखेर देशाला आवाहन केले. निधी जमला, रुग्णवाहिकेची सोय झाली आणि पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. अलाहाबादचे डॉ. अटल हे पथकप्रमुख, वयाने ज्येष्ठ असलेले नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि पाचवे आपले कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' जहाजाने पथकाने मुंबईचा किनारा सोडला. आपला देश स्वतः पारतंत्र्यात असताना दुसऱ्या आक्रांत देशाच्या साहाय्याला धावून जाण्याची ही वृत्ती दिवाळखोरीची नव्हती, सामर्थ्याची होती. गुलामाच्या हातून दान घडत नाही. दान करणाऱ्याने मनातून गुलामी आधीच झुगारलेली असते.

चुंगकिंगला असतानाच वडील गेल्याची वार्ता त्यांच्या हाती पडली. परत जाण्यास कोणी आडकाठी केली नसती. आपल्या घरांत अशा वेळी मुलाने काय करावे हे सांगण्याची आवश्यकता नाही. कोटणीसांनी हृदयावर दगड ठेवला आणि ते पुढे निघाले. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. तेथील रीतीप्रमाणे त्यांना चिनी नाव मिळाले, 'के दिहुआ'. त्यातील 'हुआ' म्हणजे चीन.

उत्तर चीनमधील वुताई पर्वताच्या परिसरात आठव्या मार्गसेनेच्या आघाडीवर ते जाऊन पोहोचले, तोवर एक थोर शल्यविशारद तेथे देह ठेवून गेला होता. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले होते. बेथ्यून यांचा आग्रह एकच असे : जखमी आपल्याकडे येईल म्हणून डॉक्टरने वाट पाहत बसू नये, आपणच जखमीकडे जावे. शस्त्रक्रियेचे साहित्य खेचरांवर लादून ते आघाडीलगतच्या गावात नेत आणि एखाद्या देवळाच्या ओसरीतही शस्त्रक्रिया करीत. पोटात वा मांडीत गोळी घुसलेल्या सैनिकाला डोंगरवाटांनी दिवसभर डोलीतून नेले, तर रक्तस्राव आणि जखमेतील विष हेच शत्रूचे उरलेले काम पुरे करतात. वेळेवर उघडून धुतलेली, मेलेले मांस काढून टाकलेली जखम मात्र बरी होते. युद्धशल्याचे सारे शास्त्र या काही तासांत सामावलेले आहे.

कोटणीस या परंपरेचे वारस ठरले. १९४० च्या मोठ्या लढाईत त्यांनी ७२ तास अखंड शस्त्रक्रिया केल्या आणि त्या मोहिमेत ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले, अशी नोंद आहे. झोप नाही, औषधांची टंचाई, शत्रूच्या नाकेबंदीमुळे बाहेरून काही येण्याची शाश्वती नाही. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले. रुग्णालय म्हणताच आपल्या डोळ्यांसमोर दगडी इमारत येते. ते रुग्णालय खेड्यापाड्यांतील घरांत पसरलेले होते आणि शत्रूची चाल होताच जखमींसह दुसऱ्या गावी हलत असे.

त्यांच्या कार्याचा आणखी एक पैलू सहसा दुर्लक्षित राहतो. चिनी भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की त्या भाषेतच ते विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले. एक शल्यवैद्य कितीही झिजला तरी त्याचे हात दोनच. त्याने शिकविलेले विद्यार्थी मात्र शेकडो हातांनी काम करतात. शस्त्रक्रियेवरचे पाठ्यपुस्तकही त्यांनी लिहावयास घेतले होते, ते अपुरे राहिले. १९४१ च्या अखेरीस परिचारिका गुओ चिंगलान यांच्याशी ते विवाहबद्ध झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव 'यिनहुआ', म्हणजे भारत आणि चीन. मुलगा साडेतीन महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचा अंत झाला. वय अवघे ३२. पाचांपैकी चौघे मायदेशी परतले, एक मात्र परतला नाही.

येथे आपल्या वाचकांच्या मनात एक प्रश्न उभा राहील आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. कोटणीस ज्या सैन्यात होते ते कम्युनिस्टांचे सैन्य होते. १९४२ मध्ये त्यांनी त्या पक्षाचे सदस्यत्वही स्वीकारले. पुढे वीस वर्षांनी, १९६२ मध्ये, त्याच पक्षाच्या राजवटीने आपल्या सीमेवर विश्वासघाताने आक्रमण केले. १५ जून २०२० च्या रात्री गलवानच्या खोऱ्यात आपल्या २० वीरांचे रक्त सांडले. मग अशा माणसाचे स्मरण आपण का करावे?

उत्तर स्पष्ट आहे. कोटणीसांचा पक्ष आपला नाही, परंतु कोटणीस आपले आहेत. ते गेले तेव्हा चीन हा आक्रमक नव्हता, आक्रांत होता. त्यांना धाडणारे सुभाषबाबूच पुढे १९४३ मध्ये देशाच्या मुक्ततेसाठी त्याच जपानचे साहाय्य घेते झाले. इतिहासाच्या प्रवाहात मित्र आणि शत्रू जागा बदलतात. आघाडीवरील जखमीची वेदना मात्र बदलत नाही. १९५० नंतर कोरियाच्या युद्धात लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या नेतृत्वाखाली आपले ६० वे पॅराशूट फील्ड अँब्युलन्स पथक संयुक्त राष्ट्रांच्या बाजूने गेले, तेव्हा समोर चिनी सैन्यच होते. तेथेही आपल्या शल्यवैद्यांनी आघाडीलगत तीच सेवा बजावली. कोटणीस आणि हे सैनिक-डॉक्टर एकाच धर्माचे, वैद्यधर्माचे, उपासक होते.

चिनी राजवटीला मात्र ठणकावून सांगितले पाहिजे की, कोटणीसांचे नाव हे सीमेवरील कुरापतींवर घालावयाचे पांघरूण नव्हे. त्यांच्या स्मरणार्थ चीनने १९८२ मध्ये टपाल तिकिटे काढली, शिजियाझुआंगच्या हुतात्मा उद्यानात त्यांची समाधी जपली, २००६ मध्ये हू जिंताव आणि २०१३ मध्ये ली खछियांग मुंबईत त्यांच्या कुटुंबीयांना भेटले. हे सौजन्य आपण स्वीकारावे. पण कृतज्ञता शब्दांनी नव्हे, वर्तनाने सिद्ध होते, हेही विसरू नये.

आणि आपण? आपल्या टपाल खात्याने १९९३ मध्ये तिकीट काढले. सोलापुरात जन्मघरी स्मारक झाले. शांतारामबापूंनी १९४६ मध्येच 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' पडद्यावर आणली. तिला संगीत देणारे वसंत देसाई याच सिंधुदुर्गच्या मातीतले, सोनवड्याचे. स्मारके झाली, चित्रपट झाला. अनुकरण किती झाले?

हे लिहितो आहे ते तळेऱ्याहून. येथे मुंबई-गोवा महामार्गाला दोन वाटा फुटतात. एक करूळ घाटाने गगनबावड्यावरून कोल्हापूरला चढते, दुसरी विजयदुर्गाला उतरते. महामार्गावर अपघात झाला की जखमीला कणकवलीस न्यायचे, तेथून ओरोसला, आणि प्रकृती गंभीर असेल तर घाट चढून कोल्हापूर नाहीतर थेट गोव्यातील बांबोळी. तळकोकणातील कोणत्याही घराला ही वाट पाठ आहे. युद्धभूमीवर जे काही तास मोलाचे असतात, तेच येथे रस्त्यात सरतात. ओरोसला २०२१ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही समाधानाची गोष्ट. परंतु इमारतीने शल्यवैद्य निर्माण होत नाहीत आणि झालेले खेड्यात टिकत नाहीत. ग्रामीण रुग्णालयात विशेषज्ञाची जागा भरली जात नाही, ही तक्रार आपण शासनाकडे करतो आणि ती रास्तच आहे. पण त्याच वेळी आपल्या घरातील डॉक्टर झालेल्या मुलाला आपण कोणता सल्ला देतो, हेही एकदा तपासून पाहावे. पुण्या-मुंबईत सदनिका आणि मोठ्या रुग्णालयात नोकरी, याच्यापुढे आपला सल्ला जातो काय? पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचा मार्ग किती घरांत सुचविला जातो?

कोटणीसांनी परक्या देशात, परक्या भाषेत, डोंगरकपारीत जाऊन जखमी गाठला. आपल्या मुलांना तेवढे करावयाचे नाही. स्वतःच्या देशात, स्वतःच्या भाषेत, घाटाखालच्या गावात पाच वर्षे राहावयाचे आहे, नाहीतर सीमेवरच्या आपल्याच जवानामागे उभे राहावयाचे आहे. संघटनेच्या कार्यकर्त्यांनी येत्या ९ डिसेंबरला हार-तुरे जरूर वाहावेत. पण त्याबरोबर आपापल्या तालुक्यातील एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या घरी जाऊन बसावे, त्याच्या आईवडिलांशी बोलावे आणि त्याच्या मनात हा विचार पेरावा. असा एक जरी डॉक्टर गावात येऊन उभा राहिला, तरी ३२ व्या वर्षी संपलेले ते आयुष्य येथे पुढे चालू लागेल.