फीच्या खात्यात दर्जा

मे 2019 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एबीसी वाहिनीवर पर्थच्या मर्डॉक विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक गेर्ड श्रोडर-टर्क बोलले. इंग्रजी जेमतेम समजणाऱ्या परदेशी मुलांना प्रवेश दिला जातोय आणि त्यात त्या मुलांचंच नुकसान आहे, असा त्यांचा मुद्दा होता. विद्यापीठानं काय करावं? परदेशी विद्यार्थी घटून उत्पन्न बुडालं म्हणत श्रोडर-टर्क यांच्याकडेच भरपाई मागितली! पुष्कळ टीका झाल्यावर, 2020च्या जानेवारीत ती मागणी मागं घेतली.

हिशेब उघड आहे. तिथं पदवीच्या स्थानिक विद्यार्थ्याच्या फीवर सरकारी मर्यादा, परदेशी विद्यार्थ्याच्या फीवर नाही. त्या पैशातून संशोधनाचाही खर्च भागतो. मग नापास कोणाला करायचं? गटानं करायच्या प्रकल्पात इंग्रजी येणारा एकजण रात्रभर लिहितो आणि खाली चौघांची नावं लागतात. प्राध्यापकाला दिसतं, तो गप्प बसतो. अनेकदा तो कंत्राटीच असतो.

दर्जा घसरला की बोट परदेशी मुलांकडे दाखवलं जातं, हे मात्र आम्हाला साफ नामंजूर. दार उघडणारे वेगळेच : फीसाठी प्रवेश देणारी विद्यापीठं आणि मुलं पाठवणारे एजंट. आपल्याकडच्या एजंटांनाही प्रवेशामागे परदेशी विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. मुलाला परदेशी शिकायला पाठवण्यासाठी शेत गहाण टाकण्याआधी पालकांनी त्यांना बेधडक विचारावं : तुमचे यात किती?