मध्ये उभी राहणारी देवी

देवतेचे रूप गावोगाव निराळे. सौंसरजवळ जाम सावळीस मारुती निजलेला आहे. माझ्या गोमंतकात सांतेरीचे रूप म्हणजे पुष्कळ ठिकाणी मूर्ती नव्हे, मातीचे वारूळ. तिलाच अनेक गावी शांतादुर्गा म्हणतात. शिव व विष्णू यांचे युद्ध जुंपले असता ती दोघांच्या मध्ये उभी राहिली व तिने ते शमविले, ही कथा आम्ही बाळपणापासून ऐकत आलो.

२०२३ साली जिल्ह्याचे ठाणे झालेल्या या पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात रोवलेला पळस प्रथम पाहिला, तेव्हा मला तीच आठवली. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, मध्ये झेंडा बांधलेला पळस आणि दोन्ही तीरांवरून गोटमार! नदी ओलांडताना दगडांखाली मेलेल्या प्रेमी युगुलाची ही आठवण, असे सांगतात. अखेर पळस चंडीमातेच्या चरणी जातो.

पळसाची पूजा, देवीचे दर्शन, यांतले काहीच सोडा असे मी म्हणणार नाही. ती भक्ती खरी आहे. परंतु दगड हा तिचा कोणता उपचार? प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, लोकांनी पुन्हा दगडच उचलले.

एकदा माझ्या वर्गातील एक मुलगा डोक्याला पट्टी बांधून आला व अभिमानाने पहिल्या बाकावर बसला. मला रागावता आले नाही. "बाईंच्या गावी देवी भांडण सोडविते," एवढेच मी त्याला सांगितले. त्याने विचारले, "मग तिला दगड लागत नाहीत?"